चार वाजताची भूक

भूक लागते म्हणजे नेमकं काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर रेवती बिरनाळेला वयाच्या चौतिसाव्या वर्षीही धड सांगता आलं नसतं. दुखण्याबद्दल मात्र तिनं तासभर बोलून दाखवलं असतं. ते बरगडीखालून कसं निघतं, पाठीत कुठं जाऊन बसतं, उशी पोटाशी धरून किती पुढं वाकलं की जरा सैल होतं, सगळं. अकराव्या वर्षी तिच्या स्वादुपिंडाला सूज आली आणि पाहुणी म्हणून आलेली ती सूज घरचीच होऊन बसली.

स्वादुपिंड ही जठराच्या मागं आडवी पडलेली ग्रंथी. अन्न पचवणारे रस ती तयार करते आणि आतड्यात सोडते. हे रस एरवी आतड्यात पोचल्यावर जागे होतात. रेवतीचे रस ग्रंथीतच जागे व्हायचे आणि तिलाच पचवायला घ्यायचे. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसलाच प्रकार. हळूहळू ग्रंथीत खडे झाले, तिच्याभोवतीच्या नसा जाड झाल्या आणि दुखायचं काही कारण नसलं तरी दुखायला लागलं.

औषधं होती, नाही असं नाही. पहिल्या घासाबरोबर पाचकरसाची कॅप्सूल. दुखण्यावर गोळी, ती पुरली नाही की तिच्याहून जालीम गोळी, जी घेऊन वर्गात उभं राहिलं की भूगोल शिकवणाऱ्या रेवतीबाईंना नकाशावर गोदावरी सापडायची नाही. नसा शांत करणाऱ्या गोळ्या वेगळ्या, जीवनसत्त्वं वेगळी आणि पुढं साखर वाढली तेव्हा इन्सुलिन. ही सगळी औषधं दुखण्याशी तह करायची. त्याला हाकलून द्यायचं एकीलाही जमलं नव्हतं.

मिरजेतल्या त्या घरात रेवती आणि तिचे वडील अशी दोनच माणसं. अप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको लवकर गेली, तेव्हापासून मुलीसाठी मुगाच्या डाळीचं वरण आणि मऊ भात ते स्वतः करायचे, दुपारी बाराच्या ठोक्याला. रेवती चार घास खायची, कॅप्सूल गिळायची आणि आता दुखेल का म्हणून वाट बघत बसायची. जेवणाची तिला भीती वाटायची. लग्नाचा विषय कधी निघाला की ती म्हणायची, “सासरी जाऊन काय करू अप्पा, त्यांच्याकडं मऊ भात कोण लावणार?” अप्पा हसायचे आणि विषय तिथंच राहायचा.

मग सजीव औषध आलं.

डॉक्टर नेर्लेकरबाईंनी ते कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूमृत दात्याच्या स्वादुपिंडातल्या रस करणाऱ्या पेशी घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांची हजारपटीनं वाढ करायची, शरीर त्यांना परकं समजणार नाही अशी त्यांची तजवीज करायची आणि नळीवाटे आतड्याच्या पहिल्या वळणावर सोडायच्या. तिथं त्या मूळ धरतात. “आतड्यात पुरेसा रस पोचला की जुन्या ग्रंथीला निरोप जातो, बाई, तू आता थांब,” नेर्लेकर म्हणाल्या. “ती थांबली की तिला आराम, आणि तुम्हालाही. कॅप्सूल हेच करायला बघते, पण तिला ते नीट जमत नाही.”

‘नवांकुर’ नावाची कंपनी हे औषध बनवायची. दात्याचं नाव गुप्त, म्हणून प्रत्येक दात्याच्या पेशींना एका फुलाचं नाव. रेवतीला ‘शेवंती’ मिळाली.

तीन महिन्यांत दुखणं थांबलं. एका सकाळी रेवती उठली आणि आपण उशी पोटाशी न धरता झोपलो होतो हे तिच्या लक्षात आलं. अप्पांनी त्या दिवशी भाजीला फोडणी दिली, तीही भीत भीत.

आणि मग ते दुपारचं सुरू झालं.

चारच्या सुमारास शाळेतून घरी येताना तिच्या पोटात काहीतरी हललं. पिळल्यासारखं झालं, हातपाय गळाले, डोळ्यांपुढं काजवे चमकले. आलं, ती मनाशी म्हणाली, परत आलं. घरी येऊन तिनं जालीम गोळी घेतली आणि उशी पोटाशी धरून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर ती अप्पांना न सांगता गोळ्या घेत राहिली. त्यांचा आनंद तिला मोडवत नव्हता.

शेवटी अप्पांनीच तिला पकडलं. दारात उभं राहून ते बराच वेळ बघत होते. तिला घाम आला नव्हता, उलटी नव्हती, ओठही पांढरे पडले नव्हते. तेवढ्यात रेवतीच्या पोटातून असा काही गुरगुराट झाला की खिडकीतलं मांजर उठून बसलं.

“रेवा,” अप्पा म्हणाले, “अगं वेडे, तुला भूक लागलीय.”

“भूक?”

“भूक! माणसांना लागते ती.”

ते हसले आणि हसता हसताच त्यांना रडू आलं. तेवीस वर्षं ज्या लेकीला वाढलं, तिला भूक ओळखता येत नव्हती. त्यांनी सकाळची भाकरी आणि दूध आणलं. रेवतीनं पहिला घास घेतला आणि पुढचं तिचं तिलाच कळलं नाही. ती भराभर खात सुटली, घास गिळायच्या आत दुसरा उचलत होती आणि मधेच तिनं एकदा मान वळवून दाराकडं बघितलं.

“कोण आलंय?” अप्पांनी विचारलं.

“कुणी नाही,” रेवती म्हणाली. पण कुणीतरी हाक मारणार आणि आपल्याला ताटावरून उठावं लागणार असं तिला वाटलं होतं, हे खरं.

रोज तसंच व्हायला लागलं. बाराला ताटावर बसावं तर पोट दगडासारखं. बळंच खाल्लं तर मुरडा. आणि चार वाजले की आत कुणीतरी जागं व्हायचं. रेवतीला ते अगदी तसंच वाटायचं, हसण्यावारी नेता यायचं नाही. दाराआड कुणी बाई उभी आहे, पंगत उठायची वाट बघते आहे. पंगत उठली की ती पुढं येते आणि जे मिळेल ते घाईघाईनं तोंडात कोंबते. पंधरा मिनिटांत खाऊन झालं नाही तर भूक मागं फिरायची, आणि उरलेलं अन्न पोटात तसंच पडून राहायचं.

“ह्यात भुताखेताचं काही नाही,” नेर्लेकर म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. “प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. मेंदूचं घड्याळ उजेडावर चालतं, स्वादुपिंडाचं जेवणावर. रोज ज्या वेळी अन्न येतं त्या वेळेच्या आधीच त्या पेशी रस तयार ठेवतात. पेशी पाठवण्याआधी कंपनी ते घड्याळ एका रसायनानं पुसते. पाटी कोरी करून देतो म्हणतात. शेवंतीची पाटी कोरी झालेली दिसत नाही.”

“म्हणजे ही तिची भूक आहे? त्या बाईची?”

“बाई की पुरुष ते मला माहीत नाही. पण जेवणाची वेळ त्या व्यक्तीची, हो. दिवसातून एकदाच, दुपारी उशिरा, आणि अगदी थोडा वेळ. वर्षानुवर्षं तसं झाल्याशिवाय घड्याळ इतकं घट्ट बसत नाही.”

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ‘पुसणी’ची गोळी. आठवडाभर घ्यायची, घड्याळ साफ. पण तिच्यात काही पेशी मरतात आणि ज्यांनी घेतली त्यांतल्या काहींचं जुनं दुखणं परत आलं होतं. दुसरी वाट लांबची. पेशींना पुन्हा शिकवायचं, जेवणाची वेळ थोडी थोडी अलीकडं ओढत. जमेलच याची खात्री नाही. “पण आहे तसं ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “दिवसाचा सगळा रस एका दमात ओतणाऱ्या पेशी फार टिकत नाहीत. दोनेक वर्षांत थकतील आणि मग तुम्ही पहिल्या जागी.”

पहिल्या जागी म्हणजे उशी आणि जालीम गोळी. रेवतीनं पुसणीच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकली आणि विचार करते म्हणाली.

त्याच महिन्यात नवांकुरनं सांगलीत कृतज्ञता मेळावा ठेवला. दात्यांच्या नातेवाइकांना शाल आणि नारळ, पाहुण्यांची भाषणं, मसालेभात आणि शिरा. नावं गुप्त ठेवायची होती, म्हणून आयोजकांनी प्रत्येकाच्या छातीवर कापडी फुलं लावली, औषध घेणाऱ्यांच्याही आणि दात्यांच्या नातेवाइकांच्याही. फूल हेच नाव झालं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. असल्या समारंभात डोकं शालींच्या मोजणीत गुंतलेलं असतं.

जेवणाची पंगत बसली तेव्हा पिवळी शेवंती लावलेली सात-आठ माणसं भिंतीकडेला खुर्च्यांवर बसून राहिली. कऱ्हाडचे एक निवृत्त विमा एजंट, बार्शीची एक कॉलेजातली मुलगी, रेवती आणि आणखी काहीजण. एकमेकांच्या फुलांकडं बघून सगळी ओशाळं हसली. मग आभारप्रदर्शन लांबलं. वक्ते नवांकुरच्या उत्तुंग वाटचालीवर बोलत असताना बार्शीची मुलगी उठली. मागोमाग विमा एजंट, मग रेवती. एकापाठोपाठ एक शेवंतीची सगळी माणसं उठून मागच्या टेबलाकडं गेली आणि गार झालेला मसालेभात वाढून घेऊन घाईघाईनं खाऊ लागली. सभागृहातल्या घड्याळात चार वाजले होते.

पहिल्या रांगेत मांडीवर शाल घेऊन बसलेली एक बाई वळून त्यांच्याकडं बघत होती. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, कपाळावर बुक्क्याचा बारीक ठिपका. तिच्या छातीवरही शेवंतीच होती. ती उठून आली आणि रेवतीसमोर उभी राहिली.

“गाडी सुटतीया का तुमची?” ती म्हणाली.

रेवतीचा घास हातात राहिला.

“न्हाई, राग नका मानू. माझी मयूरी आशीच खायाची. माहेरला आली की. मी हेच म्हणायची तिला, गाडी सुटतीया का गं तुजी.” बाईनं हातातली शाल खांद्यावर टाकली. “मी शालन मोहिते. तासगावची. तुमाला समद्यांना एकदमच भूक लागली, न्हवं का?”

रेवतीनं मान हलवली. शालनबाईंनी तिच्या पोटाकडं बघितलं, हात पुढं केला आणि मधेच मागं घेतला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि लेकीबद्दल बोलत राहिल्या. कोल्हापुरात खानावळ असलेल्या घरात दिली होती. रोजची शंभर पानं उठायची. “अन्नाच्या राशी, बाई. गावात बाया म्हनायच्या, शालनच्या पोरीनं नशीब काढलं. मी रोज बाराला फोन करायची. जेवलीस का गं? जेवले गं आई, म्हनायची. एक दीस चुकला न्हाई. गच्चीवर पापड वाळत घालताना चक्कर आली नि जिन्यावरनं खाली आली. डोक्याला लागलं. जावई म्हनला, कुनाच्या तरी कामी येऊ द्या, मी म्हनलं येऊ द्या.”

रेवती ऐकत होती आणि तिच्या हातातलं ताट जड होत चाललं होतं. बाराला जेवणाऱ्या बाईच्या पेशी चारला जाग्या होत नाहीत. शंभर पानं वाढून, उष्टी काढून, भांडी घासायला घ्यायच्या आधीची पंधरा मिनिटं. दिवसातलं तेवढंच एक जेवण. ही गोष्ट आता या सभागृहात दोघींनाच ठाऊक होती, रेवतीला आणि तिच्या पोटात बसलेल्या त्या भुकेला. तिनं ताट टेबलावर ठेवलं. आईला हे काय सांगणार?

मेळाव्यात विचारून घेतलेल्या पत्त्यावर चार दिवसांनी शालनबाई मिरजेला दारात हजर झाल्या. हातात डबा. धाकटी बहीण मिरजेतच दिलेली, तिच्याकडं मुक्कामाला आले म्हणाल्या. “मयूरीला कांद्याची पात लई आवडायची. ज्वारीची भाकरी नि पात. म्हनलं, वाईच घालावी. जेवायची येळ बी झालीया.”

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजत होते. अप्पांनी रेवतीकडं बघितलं. रेवती पाटावर बसली आणि जेवली. शालनबाई समोर बसून प्रत्येक घास बघत होत्या, त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मधे थांबायची रेवतीची छाती झाली नाही. त्या गेल्यावर ती तासभर मुरडा धरून पडली.

त्या परत आल्या, आणि पुन्हा आल्या. रेवतीनं त्यांना पुसणीच्या गोळीबद्दल सांगून बघितलं, चारच्या वेळेचं काही न सांगता. शालनबाईंनी हातातला डबा खाली ठेवला. “नका हो बाई. तेवढीच राहिलीया ती. मी तुमच्या पाया पडते.” आणि त्या खरंच वाकल्या, तेव्हा रेवतीनं त्यांना धरलं आणि पट्टी कपाटात मागं सरकवली.

त्याच्या पुढच्या खेपेला शेंगदाण्याचं कालवण होतं. रेवती दोन घासांतच आडवी झाली. घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि तोंडातून जुना, ओळखीचा आवाज निघाला. अप्पांनी उशी आणून तिच्या पोटाशी दिली. शालनबाई भांबावून कोपऱ्यात उभ्या होत्या.

“मी काय घातलं तिला? माझं काय चुकलं?”

“तुमचं काही चुकलं नाही, ताई,” अप्पा म्हणाले. मग लेकीकडं वळून रागानं बोलले, “सांगतेस का मी सांगू? स्वतःला मारून घेशील, पण एक शब्द तोंडातून काढणार नाहीस!”

रेवतीनं दुखणं जरा उतरू दिलं. मग पडल्या पडल्याच तिनं सांगितलं. पेशींचं घड्याळ, जेवणाची वेळ, नेर्लेकरांनी सांगितलेल्या दोन्ही वाटा, सगळं, आणि जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू. शालनबाई ऐकत राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

“म्हंजे बाराला मी फोन करायची तवा ती...”

“जेवलेली नसायची, मावशी.”

“आन सकाळी?”

“सकाळचंही काही दिसत नाही. चारला एकदाच. आणि तेही घाईत.”

शालनबाई खाली बसल्या. बाहेर भाजीवाल्याची हाक गेली, त्याची गाडी कोपऱ्यावर वळली. मग त्या बोलल्या; आवाज अगदी साधा होता, बाजारहाटाचं सांगावं तसा.

“घाटावर दहाव्याला कावळा शिवला न्हवता. दुपार झाली. जावई म्हनला, पोराला संबाळतो, तिच्या नावानं पानपोई बांधतो. शिवला न्हाई. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवीवला. मी म्हनलं, हिची काय बाय विच्छा राहिली? सोनंनाणं म्हनावं तर घातलंवतं. शंभर पानं उठनाऱ्या घरात भुकेचं कुनाच्या मनात येतंय!” त्यांनी पदर तोंडाशी धरला. “मीच शिकीवलं तिला. लग्नात. सासरी समद्यांचं झाल्याबिगर ताटावर बसू नगंस म्हनलं. तिनं ऐकलं माझं. त्यांच्यातलं कुनी बस म्हनलं न्हाई, आन तिनं आईचं ऐकलं.”

त्यांचं रडणं मोठं नव्हतं, पण ते थांबेचना. अप्पा स्वयंपाकघरात गेले आणि उगीच भांडी हलवत राहिले. रेवतीला वाटलं, आता ह्या जातील आणि परत यायच्या नाहीत. एका अर्थानं तिला सुटल्यासारखंही वाटलं. कपाटात पट्टी होती. उद्यापासून गोळी घ्यायची, आठवडाभरात ती दाराआडची बाई जाईल.

शालनबाईंनी डोळे पुसले. “ती गोळी घेतली की काय हुतं?”

“घड्याळ पुसलं जातं. ती भूक जाते.”

“म्हंजे उपाशीच उठीवली की तिला.”

रेवती उशी बाजूला सारून उठून बसली.

“तुमी म्हनलावता दुसरी वाट हाय. येळ मागं आनायची.”

“लांबची आहे, मावशी. महिने लागतील. जमलं नाही तर पेशी थकतील, आणि माझं...” रेवती थांबली.

“तुमच्या जिवाशी खेळ म्हनत न्हाई मी,” शालनबाई म्हणाल्या. “तुमाला भीती वाटत आसंल तर गोळी घ्या. मी शब्दानं बोलनार न्हाई. पर जमत आसंल तर तिला जेवू घालून पाठवू. पोरगी माहेरासनं निघताना आपन उपाशी लावून देतो का?”

त्या रात्रीपर्यंत रेवतीला निर्णय झाला नाही. भीती तर होतीच. दुखणं काय असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण दुसऱ्या दिवशी चार वाजता ती भूक आली, दाराआड उभी राहिली आणि रेवतीला पहिल्यांदाच तिची भीती वाटली नाही, नुसती कणव आली. ती मोठ्यानं म्हणाली, “ये, बस.” आणि कपाटातली पट्टी तिनं नेर्लेकरबाईंना परत नेऊन दिली.

दिवाळी झाली आणि काम सुरू झालं. नेर्लेकरांनी पद्धत आखून दिली. जेवण आधी चारला, पण अर्धा तास बसून. पंधरा मिनिटांनंतर भूक मागं फिरू लागली की जुनी पाचकरसाची कॅप्सूल घ्यायची आणि खात राहायचं, म्हणजे पेशींना कळेल की ताट हलत नाही. ते जमलं की वेळ जराशी अलीकडं. मग आणखी जराशी. मधे मुरडा आला तर दोन दिवस थांबायचं. शाळेनं रेवतीला दुपारचे तास सोडायची परवानगी दिली. शालनबाई रोज डबा घेऊन यायच्या. ताट वाढून समोर बसायच्या आणि रेवतीचा हात भरभर चालू लागला की म्हणायच्या, “सावकाश. कुनी उठवत न्हाई.” हे त्या कुणाला सांगायच्या ते रेवतीला कळायचं. ती मान हलवून घास हळू चावायची.

बोलणंही व्हायचं. मयूरी शाळेत असताना बेदाण्याच्या शेडमध्ये मूठ भरून पळायची. मयूरीला पोहता यायचं. मयूरी पहिलटकरीण होऊन माहेरी आली तेव्हा पहिले दोन दिवस जेवायला बसायच्या आधी सगळ्यांचं झालं का विचारायची, आणि शालनबाईंना लेकीचा अभिमान वाटायचा. हे सांगताना त्या थांबायच्या आणि मग आणखी वाढायच्या.

दोनदा सगळं फसलं. एकदा तर रेवती चार दिवस दवाखान्यात होती आणि अप्पांनी शालनबाईंना दारातूनच परत पाठवलं. त्या फाटकाबाहेर कट्ट्यावर बसून राहिल्या. संध्याकाळी अप्पांनीच त्यांना आत बोलावलं आणि चहा दिला. द्राक्षं उतरली, तासगावकडं बेदाण्याच्या शेडा भरल्या, आणि जेवणाची वेळ अडीचवर, मग दीडवर, मग साडेबारावर आली, तरी चारला ती भूक रोज एकदा डोकावून जायचीच.

एका रविवारी रेवती खिडकीपाशी मुलांचे पेपर तपासत होती. तिचं लक्ष उडालं. समोरच्या नकाशात कुणीतरी कोयना गुजरातेत नेऊन ठेवली होती आणि तिला हसूही येईना. पोटात काहीतरी हळूच हललं. घाई नव्हती, हातपाय गळाले नव्हते. तिनं मान वर केली. बारा वाजायला आले होते, आणि शालनबाई दारात चपला काढत होत्या.

“मावशी,” ती म्हणाली, “भूक लागलीय.”

शालनबाई तशाच उभ्या राहिल्या. मग आत आल्या, पाट मांडला, डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि कांद्याची पात. रेवती जेवली. कॅप्सूल घेतली नाही, घास मोजला नाही, दाराकडं बघितलं नाही. पोटभर जेवून तिनं हात धुतला.

“आता चारची वाट बगू,” शालनबाई म्हणाल्या.

मग दोघी बसून राहिल्या. पेपर तसेच पडले होते. अप्पा आडवे झाले होते, पण त्यांनाही झोप नव्हती. तीन वाजले. रस्त्यावर मुलं खेळायला आली. चार वाजायला आले तशी शालनबाईंनी रेवतीच्या पोटावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. तो हात गरम होता आणि भाकरी थापून थापून खरखरीत झालेला. रेवतीनं डोळे मिटले आणि आत कान लावला. दाराआड कुणी नव्हतं. पंगत उठली होती, ओटा पुसून झाला होता आणि ती बाई कुठंच नव्हती. रेवतीला एकदम पोरकं वाटलं.

चार वाजून गेले. साडेचार झाले.

“न्हाई आली?”

“नाही आली, मावशी.”

शालनबाईंनी हात काढला नाही. “जेवून गेली,” त्या म्हणाल्या. “माझी बाय जेवून गेली.” मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, उठून रिकामा डबा घासला, पालथा घातला आणि पिशवी उचलली. “येते मी. आता रोज यायचं काय काम न्हाई.”

दाराशी त्यांनी चौकट धरली. जरा झोक गेल्यासारखं झालं. रेवती पुढं धावली. त्यांचा हात गार होता आणि ओठ सुकलेले. रेवती त्यांच्याकडं बघत राहिली. रोज जेवणाच्या वेळेला हा डबा दारात यायचा. त्याआधी बहिणीच्या घरचं सगळ्यांचं, मग इथं रेवतीचं. ह्या बाईंना ताटावर बसलेलं तिनं या सगळ्या महिन्यांत एकदाही बघितलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं.

“मावशी, तुम्ही जेवलात का?”

“जेवले की,” शालनबाई म्हणाल्या. लगेच, सवयीनं, हसतमुखानं.

रेवतीनं त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. “अप्पा,” तिनं आत हाक दिली, “पान वाढा.”

शालनबाई नको नको म्हणत होत्या, तरी रेवतीनं त्यांना पाटावर बसवलं. अप्पांनी मऊ भात आणला, वरण आणलं, वर तुपाची धार सोडली. शालनबाईंनी एकदा दोघांकडं बघितलं, मान खाली घातली आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मग त्यांचा हात भरभर चालू लागला, घास गिळायच्या आत पुढचा, आणि मधेच त्यांनी मान वळवून दाराकडं बघितलं.

रेवती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

“सावकाश, मावशी,” ती म्हणाली. “कुणी उठवत नाही.”